गाईचं द्या वं बाई

संपादक घरी आले आणि म्हणाले, "मेश्रामसाहेब, तुमच्या नोकरीवर लिहा. कचऱ्यावर. पण दिवाळी अंक आहे, जरा मंगल लिहा."

सत्तावीस वर्षं मी नागपुरात सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून काढली. मंगल कचरा मला एकदाच भेटला, आणि त्याच्याबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. संपादकांनी आपणहून विचारलं आहे, तर आता त्यांनीच निस्तरावं.

सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे काय ते आधी सांगतो. माझ्या सोयरिकीच्या वेळी सासऱ्यांना त्यातला 'इन्स्पेक्टर' एवढाच शब्द ऐकू आला होता आणि ते माझ्या कमरेला पिस्तूल शोधत होते. सकाळी सहाला हजेरी घ्यायची, कोण कुठली गल्ली झाडणार ते सांगायचं, गाड्या भरून डेपोला गेल्या की नाही ते पाहायचं आणि उरलेला दिवस लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. तक्रार सगळ्यांची एकच असते, की कचरा माझ्या दारात आहे. तो उचलून शेजारच्या दारात ठेवला की अर्जदार आभाराचं पत्र पाठवतो. अशी दोन पत्रं अजून माझ्याकडे आहेत.

या नोकरीत माणसांची ओळख मागच्या दारानं होते. शाकाहारावर भाषणं देणाऱ्या एका गृहस्थाच्या डब्यात दर सोमवारी हाडं निघायची. चतुर्थीला निर्जळी उपास करणाऱ्या बाईंच्या डब्यात त्याच दिवशी कचोरीचे कागद असायचे. मी कधी कोणाला काही बोललो नाही. समोरून ते नाकाला रुमाल लावून माझ्याशी बोलत, आणि मी मनातल्या मनात त्यांची हाडं मोजत असे. माणसांना तुच्छ लेखायची ही सवय मला नोकरीनं लावली, आणि ती मी आनंदानं लावून घेतली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शहराबाहेर आमचा कंपोस्टचा डेपो होता. लांबलचक खड्डे खणायचे, त्यात कचरा थरांनी भरायचा, वर माती लोटायची आणि काही महिने मुरू द्यायचा. मग उकरून, चाळून ते खत शेतकऱ्यांना द्यायचं. खरकटं, सालं, देठं, पालापाचोळा यांचं काळंभोर खत होतं. ब्लेडचं होत नाही. लोकांच्या घरून मात्र सगळं एकाच डब्यात यायचं: संत्र्याच्या सालीत ब्लेड, वरणभातात फुटकी बांगडी, चहाच्या चोथ्यात इंजेक्शनची कुपी. हे वेगळं करायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. आमच्याकडे कौसल्याबाई होती.

कौसल्याबाई तेव्हा चाळिशीची, ठेंगणी, काटक. ढिगापुढे पाटावर बसून हातानं वेचायचं, हे तिचं काम. खात्यानं एकदा रबरी हातमोजे दिले होते, पहिलवानाच्या मापाचे. मे महिन्यात ते घातले की आत हात शिजायचा, आणि बोटांना काही कळायचं नाही, म्हणून काच उलट जास्त लागायची. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा ती नव्यानं लग्न होऊन आलेली होती. त्या मैदानावर मीही होतो, मिसरूड फुटलेला. एवढ्या ओळखीवर ती मला भाऊ म्हणायची. अख्ख्या डेपोत मला साहेब न म्हणणारी ती एकटीच होती.

एका उन्हाळ्यात कुपीची काच तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिरली. पू झाला, ताप चढला, तीन आठवडे दवाखान्यात गेले. बोट वाचलं, पण वाकडं झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, याच हातात पुन्हा असं विष भिनलं तर बोटावर निभावणार नाही, पंजा जाईल. मी तिला झाडायच्या कामावर घ्या म्हणून अर्ज केला. अर्जावर शेरे वाढत गेले आणि ती पुन्हा पाटावर बसली. नवरा अंथरुणाला खिळलेला होता, त्यामुळे घरात तो हात थांबला की चूल थांबणार होती.

माझ्या हद्दीत सगळ्यात जास्त काचा आनंदविहार कॉलनीतून यायच्या. तिथे बंगले, बागा, शिकलेली माणसं आणि महिला मंडळ होतं. मी म्हटलं, शिकलेली आहेत, सरळ सांगून पाहू. मंडळाच्या बैठकीला मी कौसल्याबाईला घेऊन गेलो. तिनं हात पुढे केला, बोट दाखवलं. मंडळाच्या अध्यक्षा माई, अतिशय हळव्या बाई, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"अगं बाई गं! मग काठीनं का नाही वेचत तुम्ही?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या एकीनं विचारलं, फाटकाला हात लावण्याआधी हिनं हात धुतले होते का. मग बटाटेवडे आले. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत त्या वड्यांच्या बटाट्यांच्या सालांबरोबर एक फुटका ग्लास होता.

खात्याला जाग आली ती वेगळ्या कारणानं. भिवापूरचे एक मिरचीवाले शेतकरी दरसाल आमचं खत न्यायचे. ते एक दिवस तणतणत आले आणि टेबलावर रुमाल सोडला. आत ब्लेडा आणि बांगडीचे तुकडे.

"साहेब, हे खत होय का न्हाव्याचं दुकान? माह्या बाया वाफ्यात रोपं लावून राहिल्या, हात चिरून राहिले त्यायचे. चिरल्या हातानं मिरची तोडून पाहा बरं एखाद दिवस!"

खत कोणी उचलेना म्हटल्यावर वरिष्ठ हलले. बाईच्या पंजाला जे जमलं नाही, ते न उचललेल्या ढिगानं केलं. वरून निरोप आला: मानसशास्त्राचे एक प्रोफेसर येत आहेत, परदेशात शिकलेले, ते लोकांना वळण लावतील. त्यांच्या विद्येचं नाव वर्तनशास्त्र.

प्रोफेसरसाहेब गोरे, हसरे, हातात सतत पाटी-कागद. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मेश्राम, माणसाला उपदेश करू नका. त्याच्या आजूबाजूला असं काही ठेवा, की योग्य तेच त्याच्या हातून सहज होईल." हे वाक्य मला पटलं होतं, हे कबूल करतो. नंतर त्यांनी ते काय ठेवलं, ते पाहा.

त्यांनी आनंदविहारच्या घरोघरी दोन डबे ठेवले. एकावर लिहिलं 'ओला कचरा', दुसऱ्यावर 'सुका कचरा'. हे शब्द तेव्हा कोणाच्या कानावरून गेले नव्हते. लोकांनी त्यांचा अर्थ मराठीत होतो तोच घेतला. ओलं ते ओल्यात, सुकं ते सुक्यात. भिजलेलं फडकं, अर्धवट औषध उरलेली फुटकी बाटली, पोराचं दुपटं, सगळं ओल्या डब्यात. आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये सकाळी सोललेल्या संत्र्याची साल दहा वाजेपर्यंत पापडासारखी होते, वाळलेली पोळी तर दगडच. ते सगळं सुक्यात. एका निवृत्त हेडमास्तरांनी मला दारात थांबवून साल बोटानं दाबून दाखवली, "पाहा, ओल आहे का? नाही ना? मग?" त्यांची पत्नी जास्त दक्ष होती. ती सालं सुक्या डब्यात टाकण्याआधी गच्चीवर वाळत घालायची. जून लागल्यावर सगळी कॉलनीच ओली झाली आणि सुका डबा आठवडाभर रिकामा राहिला. प्रोफेसरसाहेबांनी पाटी-कागदावर लिहिलं, 'सुक्या कचऱ्यात लक्षणीय घट.'

मग थंडी सरता सरता त्यांनी अब्रूला हात घातला. ज्याचा डबा नीट, त्याच्या फाटकावर हिरवी चांदणी. ज्याचा नाही, त्याला चिठ्ठी: 'आपले बहुतेक शेजारी कचरा वेगळा करतात. आपण?' पंधरा दिवसांत चांदण्या वाढल्या, काचाही वाढल्या. मला कोडं पडलं. कौसल्याबाईनं उलगडलं. प्रयोगासाठी त्या कॉलनीची हातगाडी आता सकाळी तिच्याकडे होती, म्हणजे जी दुपारी वेचणार तिनंच सकाळी उचलायचं.

"भाऊ, ते सहा नंबरवाले साहेब नाही का, थे ज्यूसवाल्याकडून सालं आणवून राहिले डब्यात भराले. घरचं सारं नालीत. अन् आठ नंबरवाली बाई आपल्या काचा नऊ नंबरच्या डब्यात टाकते."

"काहून?"

"त्यायच्या फाटकावर चांदणी हाये ना, म्हून."

मी प्रोफेसरसाहेबांना हे सांगितलं. त्यांना अतिशय आनंद झाला. ते म्हणाले, स्पर्धेची भावना जागृत झाली आहे.

त्याच सुमाराला एका सकाळी मी माईंच्या फाटकासमोर उभा होतो. त्या ताटलीत पालकाची देठं आणि शेंगांची टरफलं घेऊन बाहेर आल्या. रस्त्यावर एक मोकाट गाय होती. ताटली पुढे करण्याआधी माईंनी चष्मा लावला, बोटानं सगळं चाळलं, जुडीचा सुतळीचा दोरा काढून टाकला, एक टाचणी सापडली ती पदराला खोचली, आणि मग म्हणाल्या, "खा गं माय." मी सायकलवर हात ठेवून पाहत राहिलो. या बाईंना वेगळं करता येत होतं. डोळे होते, बोटं होती, कळकळ होती. फक्त ती कोणासाठी वापरायची, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

दुपारी मी कौसल्याबाईला म्हटलं, "बाई, उद्यापासून 'कचरा आणा' म्हणून ओरडू नका. 'गाईचं द्या वं बाई' म्हणा."

ती वेचायची थांबली. "भाऊ, हे काय बोलून राहिले तुमी? दीक्षा घेतली ना आपण? मी गाईच्या नावानं आवाज देऊ?"

"गाईच्या नावानं नाही. तुमच्या हाताच्या नावानं द्या. फक्त शब्द गाईचा."

तिनं वाकड्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्या हातासाठी नाही करत, गाईच्या जिभेसाठी करतील. बरं हाये. देतो आवाज."

दुसऱ्या दिवशी तिनं आवाज दिला. गाडी तीच, डबा तोच, बाई तीच. चौथ्या दिवशी डब्यात काच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात देठांना बांधलेले दोरेसुद्धा नव्हते. लोक खरकट्यातून मिरच्या वेगळ्या काढू लागले, गाईला तिखट लागेल म्हणून. हेडमास्तरांच्या पत्नीनं सालं वाळवणं सोडून धुऊन द्यायला सुरुवात केली. सहा नंबरच्या साहेबांनी ज्यूसवाला बंद केला, कारण गाईला दुसऱ्यांचं उष्टं दिलेलं चालत नाही असं त्यांच्या आईचं मत पडलं. कोणती गाय, कुठली गाय, हे एकानंही विचारलं नाही. ती सालं कौसल्याबाई निवांत हातानं खड्ड्यात पसरवायची. भिवापूरचे शेतकरी परत आले आणि खत मुठीत घेऊन वास घेत उभे राहिले.

प्रोफेसरसाहेबांना कळलं तेव्हा ते डेपोवरच धावत आले. त्यांनी मला समजावून सांगितलं, म्हणजे माझीच युक्ती मला. नंतर त्यांचा अहवाल निघाला, त्यात माझं नाव 'मेहसराम' असं छापलं होतं आणि कौसल्याबाई 'एक सफाई कामगार' होती. पण त्या दिवशी ते ढिगापाशी उभे राहून एक गोष्ट बोलले, ती आम्हां दोघांनाही लक्षात राहिली. ते म्हणाले, "आता पाहा मेश्राम. सवय लागायला काही महिने लागतात. एकदा लागली, की कारण काढून घेतलं तरी चालतं. टेकू काढला तरी भिंत पडत नाही." मी मान डोलावली. मला वाटलं होतं, माझ्या मागे बसून वेचणारी बाई ऐकत नाही आहे.

आठ महिने असे गेले. वसुबारस आली. मी जेवायचा डबा उघडत होतो तेवढ्यात कौसल्याबाई आली, शांतपणे म्हणाली, "भाऊ, माई अन् चार बाया येऊन राहिल्या दुपारी. गाईची पूजा कराले."

डबा तसाच राहिला. मी सायकल काढली आणि डेपोमागच्या गवळ्याकडे गेलो. अर्ध्या तासासाठी एक गाय दे म्हटलं.

"साहेब, माह्याजोळ साऱ्या म्हशी हायेत," तो म्हणाला. "चालंल का?"

घामाघूम होऊन परत आलो, तर कौसल्याबाई साबणानं हात धूत होती. धुतलेलं लुगडं नेसली होती.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "आठ महिने झाले. प्रोफेसरसाहेब नाही का म्हणले, टेकू काढला तरी भित पडत नाही? आज काढू टेकू. खरं सांगून देऊ."

"अन् पडली तं?"

"पडली तं हात माहा जाईन. तुमचा नाही."

रिक्षा आल्या. पाच बायका उतरल्या, नाकाला पदर, हातात पितळेचं ताट, हळदकुंकू, झेंडूची फुलं, पुरणाचा नैवेद्य. माई चहूकडे पाहत म्हणाल्या, "कुठे आहे हो आमची गाय?"

कौसल्याबाई पुढे झाली. तिनं उजवा हात समोर धरला, पंजा उघडून, त्या वाकड्या बोटासकट सगळा.

"मीच थे गाय, माई," ती म्हणाली. "तुमी काच टाकत नाही, म्हून हा हात हाये."

माईंच्या चेहऱ्यावर काहीतरी यायला लागलं होतं. ते काय होतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. राग असेल, लाज असेल, की तेच डोळ्यांतलं पाणी असेल. ते पुरतं येण्याआधी त्या माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणते ही, इन्स्पेक्टर? खरं का?"

मला उद्याचा डबा दिसला. काच, ब्लेड, कुप्या. फसवलं म्हणून चिडलेली कॉलनी, आणि डॉक्टरांचं ते वाक्य. या लोकांची हाडं मी इतकी वर्षं मोजली होती. यांच्याकडून दुसरं काही होईल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी हसलो. मोठ्यानं हसलो. "गंमत करते हो, माई. गाय चरायला सोडली आहे. येईल संध्याकाळपर्यंत."

पाचही जणी हसल्या. माईंचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. "बाई गं, घाबरवलंस की!" त्या कौसल्याबाईला म्हणाल्या आणि ताट माझ्या हातात दिलं. "तुम्हीच भरवा हं तिला, आमच्या हातचं. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका, नैवेद्य आहे."

रिक्षा गेल्या. ताट हातात घेऊन मी उभा होतो. शेवटी मी नैवेद्य खड्ड्यात टाकला. कौसल्याबाईनं त्यावर फावड्यानं माती लोटली. मग म्हणाली, "टेकू राहू देला तुमी, साहेब."

त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा साहेब म्हटलं. त्यानंतर भाऊ कधीच म्हटलं नाही.

आनंदविहारचा डबा पुढेही स्वच्छ येत राहिला. कौसल्याबाई रोज सकाळी तोच आवाज देत राहिली, रजेचे दिवस सोडले तर एकही दिवस तिनं चुकवला नाही. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. प्रोफेसरसाहेब दुसऱ्या शहरात गाय घेऊन गेले. त्या कॉलनीबद्दल, त्या शास्त्राबद्दल मी कितीतरी माणसांना हसवलं आहे, वर तुम्हालाही हसवलंच असेल. पण खरा प्रयोग त्या दुपारी होणार होता, आणि तो करायची हिंमत एका वेचणाऱ्या बाईत होती. पाचातली एक तरी बाई घरी जाऊन, गाय नाही हे माहीत असताना, डब्यातली काच बाजूला काढणार होती का? कोणीच नसती काढली, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरंही असेल. पण मला ते माहीत नाही, आणि माहीत होऊ नये याची व्यवस्था मी स्वतः केली. माईंनी निदान विचारलं तरी होतं.

कौसल्याबाई माझ्या आधी निवृत्त झाली. डेपोवर छोटा कार्यक्रम ठेवला होता. हार, साडी, पेढे. मी भाषणात हाताची काळजी, सुरक्षितता, खात्याची दूरदृष्टी वगैरे बोललो. टाळ्या झाल्या. मग ती उठून माझ्या खुर्चीपाशी आली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले, पंजे उघडून.

"मोजून घ्या, साहेब," ती म्हणाली. "दहाच्या दहा हायेत. गाईची किरपा."